कान तुटला म्हणून डोकं बदलायचं?

‘ओतीव ॲल्युमिनियमला वेल्डिंग धरत नाही. धरलं तरी टिकत नाही. नवीन पार्ट टाका.’

ही तीन वाक्यं नेहमी एका दमात येतात, आणि ती ऐकवणाऱ्याचा हात तोवर किमतीच्या यादीकडे गेलेला असतो. शेजारच्या मुलाच्या मोटारसायकलची चेन आंबा घाटात तुटली. तुटलेली चेन पुढच्या स्प्रॉकेटभोवती गोळा झाली आणि तिने क्रॅंककेसचा कोपरा फोडला. तळहातावर मावेल एवढा तुकडा, सोबत बोल्टचा एक कान. सर्व्हिस सेंटरने सांगितलं, क्रॅंककेस बदलावी लागेल. म्हणजे इंजिन पूर्ण उघडायचं आणि नव्या केसमध्ये सगळं नव्याने बसवायचं. शिवाय इंजिनचा नंबर त्या केसवरच कोरलेला, तेव्हा आरटीओत नोंद बदलण्यासाठी हेलपाटे वेगळेच. मुलगा तो तुकडा रुमालात बांधून माझ्याकडे आला. म्हणाला, “काका, खरंच होत नाही का हो?”

मी आयुष्याची बरीच वर्षं कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथच्या आवाजात काढली. हा प्रश्न तिथे रोज कुणी ना कुणी विचारायचं. त्या मुलाला त्या दिवशी दोन वाक्यांत उत्तर दिलं. पूर्ण उत्तर आज देतो, कारण ‘होत नाही’ म्हणणाऱ्यांत आता नुसते काउंटरवाले उरलेले नाहीत. शिकलेसवरलेले अभियंतेही तेच म्हणतात आणि वर शास्त्राचा दाखला देतात.

आधी एक गुंता सोडवू. ‘होत नाही’, ‘आम्ही करत नाही’ आणि ‘करू नये’ ही तीन निरनिराळी वाक्यं आहेत. पहिलं धातूबद्दल बोलतं, दुसरं दुकानाबद्दल आणि तिसरं त्या विशिष्ट भागाबद्दल. दुसरं वाक्य म्हणायला कुणाचीच ना नाही. कौशल्य नसेल, मशीन नसेल, वेळ नसेल, तर नाही म्हणावं. तिसरं वाक्य तर कित्येकदा मीच म्हणतो, कुठे ते पुढे सांगेन. माझं भांडण आहे ते दुसऱ्या वाक्याला पहिल्याचे कपडे घालून पुढे करण्याशी. आपल्याला येत नाही म्हणून धातूला नावं ठेवायची, याला आपल्याकडे नाचता येईना अंगण वाकडे म्हणतात.

आता हे अंगण खरंच थोडं वाकडं आहे, हेही कबूल करतो. ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळतं. ओतकामातली सिलिकॉन घातलेली मिश्रणं त्याच्याही आधी, साधारण ५७७ अंशांच्या आसपासच पातळ होऊ लागतात. पण या धातूच्या अंगावर ऑक्साइडची जी बारीक साय असते, ती वितळते दोन हजार अंशांच्याही वर. म्हणजे आत धातूचं पाणी झालेलं आणि वर कातडं शाबूत. लोखंडाच्या सवयीने हात चालवणारा माणूस इथे हमखास फसतो. लोखंड तापलं की लाल होतं, पिवळं होतं, वितळण्याआधी चार वेळा बजावतं. ॲल्युमिनियम रंग बदलत नाही. ते तसंच पांढरं, थंड दिसत राहतं आणि एका क्षणी कानासकट खाली गळून पडतं. शिवाय ते उष्णता पोलादाच्या सुमारे तिप्पट वेगाने पळवतं. नुसत्या ठिणगीच्या जागी ऊब टिकवायची तर आख्खा भाग आधी गरम करावा लागतो.

ज्याने साध्या आर्क मशीनवर एकदा हा प्रयोग केला, त्याच्या पुढ्यात राखेसारखा काळा गोळा आला. तो आयुष्यभर ‘धरत नाही’ म्हणत राहिला. त्याचा अनुभव खोटा नव्हता, त्यावरून काढलेला निष्कर्ष खोटा होता.

या सायीवरचा उतारा सापडून ऐंशीहून अधिक वर्षं झाली. टंग्स्टनची न वितळणारी सुई आणि भोवती निष्क्रिय वायूचं कवच, ही पद्धत १९४१ साली नॉर्थ्रॉप या अमेरिकी विमान कंपनीत रसेल मेरेडिथ यांनी मॅग्नेशियम जोडण्यासाठी बसवली. तेव्हा वायू हेलियम होता, पुढे आरगॉन आला. तिलाच आपण टिग म्हणतो आणि आपली गल्ली ‘आरगॉन वेल्डिंग’ म्हणते. ॲल्युमिनियमसाठी तिला उलटसुलट वाहणारा एसी प्रवाह देतात. फेरीच्या अर्ध्या भागात सुई धन होते, तेव्हा ठिणगी ऑक्साइडची साय फोडून उडवते. उरलेल्या अर्ध्यात ती ऋण होते, तेव्हा उष्णता धातूत खोल शिरते. एकदा खरवड, एकदा ओत, सेकंदाला शंभरदा. आजच्या इन्व्हर्टर मशीनवर यातला कोणता भाग किती ठेवायचा, हे एक बटण फिरवून ठरवता येतं. सोबत पाच टक्के सिलिकॉन असलेली ४०४३ची किंवा बारा टक्केवाली ४०४७ची काडी. दोन्ही दुकानात मिळतात.

इथे समोरचा पक्ष राइट बंधूंना साक्षीला बोलावतो, म्हणून तोही हिशेब पुरा करू. १९०३च्या फेब्रुवारीत डेटनमध्ये त्यांच्या पहिल्या विमान-इंजिनाची चाचणी चालली होती. पेट्रोल ठिबकून बेअरिंग जाम झालं आणि ॲल्युमिनियमची ओतीव बॉडी फुटली. त्यांनी ती जोडली नाही, नवी ओतून घेतली आणि डिसेंबरात त्याच इंजिनावर उडाले. मग, राइट बंधूंनी जे केलं नाही ते तुमचा गल्लीतला मिस्त्री करणार? हो, करणार. राइट बंधूंकडे आरगॉनची नळकांडी नव्हती. त्यांच्या हातात जे नव्हतं ते आपल्या हातात असूनही वापरायचं नाही, हा थोरांचा आदर्श नव्हे, आळस आहे.

आता शास्त्राचा दाखला देणाऱ्यांकडे वळतो. त्यांचे दोन आक्षेप वजनदार आहेत.

पहिला आक्षेप: कास्टिंगला ‘टी-६’ उष्णोपचार दिलेला असतो. साधारण ५४० अंशांवर तासन्‌तास भाजून, पाण्यात विझवून, मग दीडशे-एकशेसाठ अंशांवर मुरवून त्याला ताकद आणलेली असते. वेल्डिंगची उष्णता लागली की जोडाच्या आसपासचा पट्टा मऊ पडतो. हे शंभर टक्के खरं आहे.

दुसरा आक्षेप: डाय-कास्टिंगमध्ये साच्यात धातू प्रचंड दाबाने आणि वेगाने मारतात, तेव्हा हवा आत कोंडली जाते. वेल्डिंग करताना तो धातू पुन्हा वितळला की कोंडलेला वायू फुगतो आणि जोड जाळीदार होतो. हेही खरं आहे.

पण हे दोन्ही आक्षेप एकापाठोपाठ एकाच भागावर लादले जातात, तिथे मी हात धरतो. नेहमीच्या पद्धतीने दाबाने मारलेल्या डाय-कास्टिंगला टी-६ देतच नाहीत, देता येत नाही. ५४० अंशांच्या भट्टीत घातलं तर आतली तीच हवा फुगून पृष्ठभागावर फोड येतात. आपल्या दुचाकींची क्लच कव्हरं, मॅग्नेट कव्हरं आणि क्रॅंककेस बहुतेक अशाच, एडीसी-१२ सारख्या मिश्रणातून दाबाने मारलेल्या असतात. त्या साच्यातून निघतात तशाच वापरल्या जातात. जो उष्णोपचार दिलाच नाही, तो वेल्डिंगने घालवला कसा? उलट, टी-६ दिलेलं सिलेंडर हेड एलएम-२५ किंवा ए-३५६ सारख्या मिश्रणातून गुरुत्वाने किंवा हलक्या दाबाने, सावकाश ओतलेलं असतं. त्यात कोंडलेली हवा फारच कमी, आणि सात टक्के सिलिकॉनचं हे मिश्रण तर ओतीव ॲल्युमिनियममधलं वेल्डिंगला सगळ्यांत मवाळ म्हणून ओळखलं जातं. म्हणजे ज्याला पहिला आक्षेप लागू, त्याला दुसरा सहसा लागत नाही आणि ज्याला दुसरा लागू, त्याला पहिला लागत नाही. दोन वेगळ्या रोग्यांचे रिपोर्ट एका फायलीत लावून तिसऱ्यालाच मृत घोषित करण्याचा हा प्रकार आहे.

उरलेला अर्धा आक्षेप मी मान्य करतो. डाय-कास्टिंगमध्ये बारीक छिद्रं येतात. चांगला वेल्डर म्हणूनच पहिला थर टाकतो तो काढून टाकण्यासाठी. वायू निघून जाऊ देतो, भरलेलं कोरतो, पुन्हा भरतो. टी-६ गेलेल्या हेडचा मऊ पट्टा कुठे पडतो, तिथे किती ताण येतो, हे बघूनच हो किंवा नाही ठरवावं. पण ‘बघून ठरवा’ आणि ‘होत नाही’ यांत जमीनअस्मानाचं अंतर आहे.

तिसरा आक्षेप तेलाचा. वीस वर्षं इंजिन ऑइल प्यायलेलं कास्टिंग स्वच्छ होणारच नाही, असं म्हणतात. हा आक्षेप मला सगळ्यांत आवडतो, कारण फसलेल्या जोडांचं खरं कारण बहुतेक वेळा हेच असतं. वितळलेलं ॲल्युमिनियम हायड्रोजन अधाशासारखं पितं आणि घट्ट होताना त्यातला जेमतेम विसावा भाग पोटात ठेवू शकतं, बाकीचा बुडबुड्यांच्या रूपाने अडकतो. हा हायड्रोजन येतो तेलातून, ओलाव्यातून, ग्रीसमधून, अगदी हाताच्या घामातूनही. म्हणजे या कामात वेल्डिंग हा शेवटचा छोटा अंक आहे. आधीचं सगळं नाटक धुण्याचं आहे.

आमच्या गल्लीतला एक म्हातारा मिस्त्री भाग हातात घेऊन पहिलं वाक्य म्हणायचा, “आधी धुवून आण, मग बोलू.” गिऱ्हाईक रागवायचं, पेट्रोलचा फडका फिरवून परत यायचं. म्हातारा भागावर हळूच ज्योत फिरवायचा. पाच मिनिटांत भेगेतून काळा घाम फुटायचा. पुसायचा, पुन्हा तापवायचा, पुन्हा पुसायचा. घाम थांबेपर्यंत मशीनला हात लावायचा नाही. भेगेच्या दोन्ही टोकांना बारीक छिद्र पाडायचा, म्हणजे भेग पुढे धावत नाही. मग कार्बाइडच्या बरने तळापर्यंत व्ही आकाराची चर कोरायचा. ग्राइंडरची चकती लावू द्यायचा नाही, कारण तिचे कण मऊ धातूत रुततात. स्टीलचा ब्रश ॲल्युमिनियमसाठी वेगळा ठेवलेला, त्याने लोखंड घासलं की पोराला शिव्या. हे सगळं होईतो अर्धा दिवस गेलेला असायचा. नंतरचं वेल्डिंग वीस मिनिटांचं.

या धुण्यात दोन धोके आहेत. कॉस्टिक सोड्याच्या टाकीत ॲल्युमिनियम बुडवू नये, तो सोडा मळासोबत भागही खातो. त्याहून गंभीर धोका क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनरचा. त्याचा अंश राहिला आणि त्यावर आर्कचा अतिनील प्रकाश पडला की फॉस्जीन तयार होतो. पहिल्या महायुद्धात माणसं मारायला वापरलेला हा वायू आहे. जोड फसला तर पार्ट जातो, इथे माणूस जातो. ‘स्वच्छ होत नाही’ म्हणणाऱ्यांनी या धोक्याबद्दल बोललं असतं तर मी मान डोलावली असती. ते बोलत नाहीत, कारण त्यांनी कधी स्वच्छ करून पाहिलेलंच नसतं.

चौथा आक्षेप: भाग वाकडा होतो. होतो. तापल्यावर ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट पसरतं. म्हणून कव्हर त्याच्या जोडीच्या केसवर किंवा जाड पट्टीवर बोल्टने आवळून वेल्ड करतात, दीडशे-दोनशे अंशांपर्यंत आख्खं तापवून घेतात आणि नंतर वाळूत किंवा जुन्या गोणपाटात गुंडाळून सावकाश निवू देतात. त्यावरही थोडं वाकलं तर लेथ, मिलिंग आणि सरफेस प्लेट कशासाठी आहेत? पॅकिंगचा चेहरा प्लेन करतात, बेअरिंगचं बोअर पुन्हा सरळ करतात, आटे गेले असतील तर हेलिकॉइल बसवतात. वेल्डिंग म्हणजे दुरुस्तीचा निम्मा भाग. उरलेला निम्मा मशिनिंगचा, आणि तो न करता दिलेला भाग तेल गाळतो तेव्हा लोक पुन्हा वेल्डिंगलाच दोष देतात.

मग शेवटचा हुकमी एक्का निघतो: ‘कंपनीची मान्यता नाही.’ या एक्क्याचं वजन पाहू. अमेरिकेत छोट्या विमानांच्या पिस्टन इंजिनांचे भेगाळलेले ॲल्युमिनियमचे क्रॅंककेस सरकारमान्य दुरुस्ती केंद्रांत वेल्ड होतात, तपासले जातात, कागद लागतो आणि पुन्हा आकाशात जातात. हवेत इंजिन बंद पडलं तर कडेला थांबायला टपरी नसते, तिथे हे चालतं. आणि नव्या भागाच्या पावित्र्याचं काय? फाउंड्रीतून निघालेल्या नव्याकोऱ्या कास्टिंगमध्ये दोष दिसला तर तो वेल्डिंगने भरून काढणं ही जगभरची जुनी रीत आहे. खरेदीदाराची संमती हवी, एवढीच अट. तुम्ही खोक्यातून काढलेला ‘ओरिजिनल’ भाग जन्माआधीच एकदा वेल्ड झालेला असू शकतो. फरक इतकाच की तिथे काम तपासून झालं. आपल्याकडे तपासणीची सोय उभी करण्याऐवजी कामालाच बंदी घालून मोकळे होतात.

शिवाय ‘मान्यता’ या शब्दाआड व्यापार किती लपतो, हे आपल्या देशात कागदावर आलेलं आहे. २०१४च्या ऑगस्टमध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजांना मिळू न देणं, हा त्यातला मुख्य ठपका. कंपन्यांनी त्याविरुद्ध दाद मागितली, तो भाग कायद्याचा. पण बाहेरचा मेकॅनिक अडाणी आहे म्हणून भाग आमच्याकडेच बदला, हा युक्तिवाद करणाऱ्यांनीच त्याला माहितीपासून दूर ठेवलं असेल, तर त्याच्या अडाणीपणाचा दाखला देण्याचा अधिकार त्यांना उरत नाही.

एवढं वाचून ज्यांना उत्साह आला असेल, त्यांनाही दोन शब्द. कारण माझे दुसरे विरोधक ‘सगळं होतं’ म्हणणारे आहेत, आणि पहिल्यांच्या धंद्याला खतपाणी हेच घालतात. गॅसच्या ज्योतीवर वितळणारी जस्ताची काडी घेऊन पत्र्याच्या डब्याचं छिद्र बुजवायचं आणि ‘वेल्डिंगची गरज संपली’ म्हणायचं, असले खेळ फोनवर पैशाला पासरी. ती काडी चारशे अंशांच्या आतच वितळते. शोभेच्या कव्हरला ठीक, पण सिलेंडर हेडवर लावली तर ती टिकत नाहीच, वर तिथे जस्त मुरल्याने नंतर टिगचा जोडही नीट घेता येत नाही. एम-सीलची गोष्टही तीच. घाटात तेलाचं चेंबर दगडावर आपटून ठिबकायला लागलं तर गावापर्यंत येण्यासाठी एम-सीलसारखा देव नाही. पण तिलाच कायमची दुरुस्ती समजणारा माणूस नंतर त्यावर वेल्डिंग करायला आणतो, आणि जळलेल्या रेझिनची घाण भेगेच्या तळापर्यंत गेलेली असते.

मी स्वतः कुठे ‘करू नये’ म्हणतो, तेही लिहून ठेवतो. स्टिअरिंगचा नकल, ब्रेकचं कॅलिपर, कनेक्टिंग रॉड आणि अलॉय व्हील. हे वेल्ड होत नाहीत असं नाही, सुंदर होतात, आणि हाच धोका आहे. जोड बाहेरून चांदीच्या नाण्यासारखा चकाकतो आणि आत त्याच्या शेजारी मऊ पडलेला पट्टा लाखो हिसक्यांची मोजणी करत बसतो. केस फुटली तर तेल सांडतं, रिम तुटलं तर माणूस सांडतो. हिशेब धातूचा नाही, परिणामाचा आहे.

मॅग्नेशियमही ओळखता आलं पाहिजे. जुन्या फोक्सवॅगन बीटलचे क्रॅंककेस मॅग्नेशियमच्या मिश्रणाचे असत. दिसायला ॲल्युमिनियमच, वजनाला आणखी हलके. खरवडलेल्या जागी व्हिनेगरचा थेंब टाकला की मॅग्नेशियम फसफसतं. त्याची भुकटी पेटली तर पाणी ओतू नये, आग आणखी भडकते. हे माहीत नसणाऱ्याने ‘सगळं होतं’ म्हणू नये.

‘होत नाही’ आणि ‘सगळं होतं’ या दोन टोकांमध्ये मोठा मधला प्रांत आहे. क्लच कव्हर, तेलाचं चेंबर, पंपाची बॉडी, कव्हरचे कान, ड्रेन बोल्टचे गेलेले आटे, चेनने फोडलेला केसचा कोपरा, हे बेधडक करावं. हेडवरची व्हॉल्व्ह सीटजवळची भेग करावी, पण ज्याच्याकडे आख्खं हेड तापवायची भट्टी आणि नंतर सीट, गाइड, चेहरा बघायची मशीनं आहेत त्याच्याकडेच. इंजिन चेसिसला धरून ठेवणारा कान मात्र विचार करून, कारण तिथे थरथर कधी थांबत नाही. तिथे भराव दोन्ही बाजूंनी, जाड आणि कोपरे गोल करून द्यावा आणि पहिल्या हजार किलोमीटरनंतर पुन्हा बघावा.

आणि बघावा म्हणजे डोळ्यांनी नव्हे. लाल रंगाचं पेनिट्रंट फवारायचं, पुसायचं, वर पांढरा डेव्हलपर मारायचा. भेग उरली असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. पाण्याची वाट असलेलं हेड असेल तर तोंडं बंद करून, गरम पाण्यात बुडवून आत हवा सोडायची आणि बुडबुडे मोजायचे. या दोन तपासण्यांना लागणारं सामान साध्या वर्कशॉपलाही परवडतं. ज्या दुकानात ही तपासणी होत नाही तिथे वेल्डिंग करू नका, हा सल्ला समोरच्या पक्षाने दिला असता तर मला हा लेख लिहावाच लागला नसता.

पर्यावरणाचा मुद्दा मी मुद्दाम मागे ठेवला. खनिजापासून एक किलो ॲल्युमिनियम काढायला भट्टीत चौदा-पंधरा युनिट वीज जाते, आणि भंगार वितळवून तेच करायला तिच्या पाचेक टक्के ऊर्जा पुरते. डाय-कास्टिंगची बरीचशी मिश्रणं भंगारातूनच बनतात, त्यामुळे एक केस वाचवून आपण फार मोठी नदी वाचवली असं मी म्हणणार नाही. मला वाचवायची आहे ती दुसरीच गोष्ट. बदलत राहणाऱ्या गॅरेजला भाग का तुटला हे विचारावं लागत नाही. जोडणाऱ्याला विचारावंच लागतं, नाही तर महिन्याने तेच गिऱ्हाईक तोच तुकडा घेऊन दारात उभं राहतं.

त्या मुलाची क्रॅंककेस आम्ही उघडली. गाडीवरच ठेवून वेल्ड करा असा त्याचा आग्रह होता. मिस्त्रीने ऐकलं नाही, कारण अर्थिंगचा प्रवाह बेअरिंगमधून गेला तर त्याच्या गोळ्यांवर चट्टे पडतात आणि तापलेलं ऑइल सील जातं. तेव्हा इंजिन उघडण्याचा खर्च त्यालाही चुकला नाही, वाचली ती नवी केस आणि आरटीओची वारी. रुमालातला तुकडा धुऊन, कोरून जागेवर बसवला, कानाचं भोक नव्याने पाडून आटे मारले. लाल रेघ उमटली नाही. केसवरचा नंबर होता तसाच आहे.

मशीन चालू करण्याआधी मिस्त्रीने त्याला एकच प्रश्न विचारला होता. “चेन का तुटली गा?” मुलाने मान खाली घातली. चेन बोटभर ढिली होती, स्प्रॉकेटचे दात झिजून आकड्यासारखे वाकलेले. सर्व्हिस सेंटरच्या कोटेशनमध्ये नवी केस, बेअरिंग, सील, पॅकिंग सगळं होतं. चेन आणि स्प्रॉकेट त्यात नव्हते.